विजय दिवस आणि घरातली मुले



१६ डिसेंबर हा विजय दिवस. १९७१ साली या दिवशी ढाक्याच्या रेसकोर्स मैदानावर जनरल नियाझी यांनी जनरल अरोरा यांच्यासमोर शरणागतीच्या कागदावर सही केली, सुमारे ९३ हजार माणसे कैदेत आली आणि बांगलादेश स्वतंत्र झाला. त्या दिवसाची सुट्टी नसते, त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांचा तो ड्युटीतच जातो. पण अलीकडे मोठ्या शहरांतल्या वसाहतींत तो लहान मुलांसाठी साजरा होऊ लागला आहे, आणि तो कसा साजरा होतो याविषयी मला थोडे बोलायचे आहे.

माझी मुलगी आणि जावई बंगळूरला बेळ्ळंदूर भागात राहतात. गेल्या डिसेंबरात चार दिवस रजा टाकून मी बेळगावहून तिकडे गेलो होतो. संध्याकाळी त्यांच्या वसाहतीच्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. मुलांना फौजी कपडे, हातात प्लास्टिकच्या बंदुका, लाऊडस्पीकरवर गाणी. केक रणगाड्याच्या आकाराचा होता. तो सुरीने कापला, टाळ्या झाल्या. माईकवरचा गृहस्थ मुलांना विचारत होता, शत्रूचे काय करायचे? मुले जे ओरडून सांगत होती ते इथे लिहिण्यासारखे नाही. सात-आठ वर्षांची पोरे, त्यांना कसला शत्रू माहीत असणार?

घरी आल्यावर नातवाने विचारले, "आजोबा, तुम्ही लढाई केली का?" म्हटले, नाही रे, तेव्हा मी चार वर्षांचा होतो, आणि आपले सगळे घराणे रेल्वेतले. तो म्हणाला, "मग लढाईत रेल्वेने काय केलं?"

हा प्रश्न आपल्या किती जणांच्या घरात विचारला गेला आहे? आणि विचारला तर उत्तर किती जणांना देता येईल?

दुसऱ्या दिवशी रविवार नसूनही शाळेला कसली तरी सुट्टी होती. शेजारची तीन मुले जमली, एक कन्नड, दोन तेलुगू. माझ्या मोडक्या हिंदीत आमचा विजय दिवस सुरू झाला. फरशीवर खडूने नकाशा काढला. मोठ्या काडेपेट्या म्हणजे ब्रॉडगेजच्या वाघिणी, लहान काडेपेट्या म्हणजे मीटरगेजच्या. माल म्हणून शेंगदाणे. मुलांना सांगितले, मोठी गाडी आसामच्या तोंडापर्यंतच जाते, पुढे रूळ अरुंद आहेत, तेव्हा एकेक दाणा हाताने उचलून लहान गाडीत भरा. त्या गाडीने त्रिपुरात धर्मनगरपर्यंत न्या. तिथे रूळ संपले, पुढे ट्रक. पूर्वेकडच्या आपल्या फौजेची मोठी तयारी याच वाटेने झाली. दारूगोळा, धान्य, तंबू, औषधे, सगळे हमालांच्या पाठीवरून एका वाघिणीतून दुसरीत गेले. शिवाय त्याच रुळांवरून सुमारे एक कोटी निर्वासितांपैकी कितीतरी लोकांना स्पेशल गाड्यांनी रायपूरजवळच्या माना छावणीसारख्या दूरच्या ठिकाणी पोहोचवायचे होते. पंधरा मिनिटांत पोरांचे हात दुखले. अर्धे शेंगदाणे वाटेतच नाहीसे झाले, हे क्लेम्स ऑफिसमधल्या साथींना वेगळे सांगायला नको.

पोस्टातल्या साथींसाठी माझ्याकडे त्याहून चांगली गोष्ट आहे, आणि मुलांनाही तीच सर्वांत आवडली. आमच्या बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण, जंगी पलटण, जमालपूरला लढली. ९ डिसेंबरला ब्रिगेडियर क्लेर यांनी तिथल्या पाकिस्तानी कर्नलला शरण येण्याविषयी पत्र लिहिले. ते पोहोचवणार कोण? मुक्तिवाहिनीचा मुन्शी नावाचा माणूस पांढरे निशाण लावून सायकलवरून शत्रूच्या ठाण्यात गेला. तिथे त्याला मारहाण झाली, पण तो उत्तर घेऊन परत आला. उत्तराच्या कागदात एक गोळी गुंडाळलेली होती. लढूनच बघा, असा त्याचा अर्थ. दोन दिवसांत जमालपूर पडले. हातात शस्त्र नाही, फक्त टपाल, आणि ते पोहोचवायचेच. मुलांनी सायकलवाल्याचा खेळ तीन वेळा केला. मुन्शी व्हायला चौघेही तयार, कर्नल व्हायला कोणीच नाही.

आईच्या ट्रंकेतले त्या काळातले एक पाकीट मी सोबत नेले होते. त्यावर नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचे एक जादा तिकीट आहे, निर्वासित साहाय्याचे, त्यावर निर्वासित कुटुंबाचे चित्र. १५ नोव्हेंबर १९७१ पासून पाकिटावर हे तिकीट लावावे लागे, ते ३१ मार्च १९७३ पर्यंत. सुरुवातीला छापील तिकिटे पुरली नाहीत, तेव्हा कुटुंब नियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावर वेगळी अक्षरे उठवून काम भागवले. बंगळूरलाही तसे शिक्के मारले गेले. खिडकीवरच्या कारकुनांच्या बोटांना त्या दिवसांत किती शाई लागली असेल! प्रत्येक पाकिटामागे पाच पैसे देणारा माणूसही त्या लढाईत होताच.

बेळ्ळंदूरहून विमान कारखाना हाकेच्या अंतरावर आहे. गॅलरीतून चाचणीची विमाने दिसतात, मुले कानावर हात ठेवून बघतात. १४ डिसेंबरला श्रीनगरवर फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों लढता लढता पडले आणि त्यांना परमवीरचक्र मिळाले. त्यांचे विमान नॅट, आणि नॅट बंगळूरच्या याच कारखान्यात बनत. मिग विमाने आपल्या नाशिकजवळच्या ओझरला बनत होती. नट-बोल्ट आवळणाऱ्या फिटरला पदक नसते. नसू द्या, पण त्याच कारखान्याच्या सावलीत राहणाऱ्या पोरांना तो फिटर ठाऊक तरी असावा.

आणि मेलेले? १९६५ च्या युद्धात ९ सप्टेंबरला राजस्थानात बाडमेरच्या पलीकडे गडरा रोडजवळ सतरा रेल्वे कामगार विमानांच्या माऱ्यात ठार झाले. फौजेला माल पोहोचवणे आणि त्यासाठी रूळ चालू ठेवणे, एवढेच त्यांचे काम. तिथे त्यांचे स्मारक आहे, आणि दरवर्षी रेल्वे कामगार जमून त्यांना मानवंदना देतात. त्याच महिन्यात गुरुदासपूर स्टेशनात फायरमन चमनलाल यांनी जळत्या वाघिणी गाडीपासून तोडल्या आणि त्यातच प्राण सोडले. आपल्या किती शाखांच्या भिंतीवर यांची नावे आहेत?

काही साथी म्हणतील, सचिवसाहेब, पोरांना जरा मजा करू द्या, आणि रेल्वे-पोस्टाचे पोवाडे गाऊन जवानाचा मान कमी करू नका. मान कमी होत नाही. जवान स्वतः सांगेल की शिधा आणि घरचे पत्र वेळेवर आले म्हणून तो उभा राहिला. मजेलाही माझी ना नाही. माझी हरकत आहे ती त्या आरोळीला. ज्या गाड्यांनी फौज नेली त्याच गाड्यांनी नंतर कैदी छावण्यांत नेले, त्यांना जेवण दिले, आणि करार झाल्यावर वाघा सरहद्दीवर सोडले. शेवटचे कैदी एप्रिल १९७४ मध्ये परत गेले. जिंकलेला देश असा वागला, ही त्या विजयातली मोठी गोष्ट आहे आणि ती मुलांच्या कानावर पडतच नाही. (पुढच्याच महिन्यात, ८ मे १९७४ ला, रेल्वेचा संप झाला आणि त्याच गाड्या चालवणाऱ्या हजारो माणसांना तुरुंगात टाकले गेले. तो विषय आठ वर्षांच्या मुलासाठी नाही, म्हणून मी तिथे थांबलो. आपण मोठ्यांनी मात्र तो लक्षात ठेवावा.)

१९७१ साली नोकरीत असलेला गार्ड, फायरमन, सॉर्टर आज पंचाहत्तरीच्या पुढचा आहे. पेन्शन अदालतीला आपण त्यांना भेटतोच. आमच्या शाखेने ठरवले आहे की येत्या १६ डिसेंबरला क्वार्टर्समधल्या मुलांना घेऊन अशा दोन-तीन म्हाताऱ्यांच्या घरी जायचे. हार-तुरे नकोत, भाषण नको. मुलांनी विचारायचे, त्यांनी सांगायचे, आणि एकाने वहीत लिहून घ्यायचे. काडेपेट्या आणि शेंगदाणे शाखेच्या खर्चाने.