शिडाखालचा संसार

आमच्या नामपूरकरांना पाणी ठाऊक ते मोसम नदीचे. समुद्र भेटतो तो पुस्तकांतून. १८८३ मध्ये पंडिता रमाबाई चिमुकल्या मनोरमेसह इंग्लंडला गेल्या. त्यांच्या ‘इंग्लंडचा प्रवास’ या लेखनाची आपण आदराने दखल घेतो. परंतु त्यापूर्वीच मुंबई बंदरातून शिडाच्या जहाजांनी मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांचे काय? त्यांत कुटुंबेही होती. वाऱ्याच्या मर्जीवर, डेकखालच्या कोंदट जागेत कित्येक आठवडे संसार चालला. लेकरे आजारी पडली, निजवलीही गेली. बहुतेकांना लिहिता येत नव्हते, तरी मराठी त्यांनीच परतीरी नेली. प्रवासवर्णन साक्षरांचेच मानले, तर हा प्रवास घडलाच नाही असे ठरते. मौखिक परंपरेला वगळणारा वाङ्मयेतिहास आम्हांला म्हणूनच अपुरा वाटतो.