खड्याचं बिल मागा, राजेहो

धानाचे चुकारे खात्यात पडले की आपल्या बपेरा-सिहोरा भागातली गर्दी तुमसरच्या, नाहीतर बालाघाटच्या सोनाराकडे वळते. हल्ली त्यात खड्यांच्या अंगठ्या फार. राहूला गोमेद, शनीला नीलम, गुरूला पुखराज. ग्रह मानायचे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, मी त्यात पडत नाही. मी बोलतो आहे बिलाबद्दल.

मोठे शौकीन कसे घेतात ते बघा. ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कला पॉल न्यूमन या नटाचं रोलेक्स डेटोना लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरला गेलं. हिरा नाही, माणिक नाही, पोलादी घड्याळ. (पोलादाला मँगनीज लागतं आणि ते आपल्या चिखल्यातूनही निघतं, हे जाता जाता.) ते न्यूमनचंच, याचा पुरावा होता. बायकोनं मागच्या बाजूला मजकूर कोरून घेतला होता. याच डेटोनाचं एक मॉडेल आहे, डायलभोवती इंद्रधनुष्यासारखे ३६ रंगीत नीलम. तेही घेताना मूळ डबा आणि कागद नसले तर शौकीन भाव पाडूनच मागतो. ज्याच्याकडे पैसा उतू जातो तो कागद मागतो, आणि आपण 'सोनार ओळखीचा आहे' म्हणून साध्या चिठ्ठीवर हंगामाची कमाई मोजून देतो!

रंगावर तर जाऊच नका. आजोबांच्या एचएमटी जनताच्या डायलवर '१७ ज्वेल्स' लिहिलेलं असायचं. ते माणिकच, पण भट्टीत बनवलेले, चाकांचं घर्षण कमी करायला बसवलेले. फ्रान्सच्या व्हर्न्यूईनं १९०२ साली ही पद्धत जाहीर केली. रसायन खाणीतल्या माणकाचंच, किंमत मात्र अगदी किरकोळ. शिवाय भेगांत काच भरलेला माणिकही बाजारात असतो. नुसत्या डोळ्यानं तुम्हाला-मला काय कळणार?

नुसत्या नावावरूनही भाव ठरत नाही. गोमेद हा गार्नेटचाच प्रकार. आपल्या मँगनीज पट्ट्यातल्या गोंडाइट दगडातही गार्नेट आहे, आणि त्या दगडाला फर्मर या इंग्रज भूवैज्ञानिकानं गोंड लोकांवरून नाव दिलं. पण तो गार्नेट बारीक दाण्यांचा, त्याला अंगठीत कोण बसवतो?

लोक म्हणतात, हॉलमार्क आहे ना! अहो, हॉलमार्क सोन्याचा. १ एप्रिल २०२३ पासून त्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी लागतो, तो बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. खड्याबद्दल तो एक शब्द सांगत नाही. खड्याला रत्न तपासणाऱ्या लॅबचं वेगळं सर्टिफिकेट लागतं. त्यात खडा नैसर्गिक की बनवलेला, त्यावर काय प्रक्रिया केली, वजन किती, हे सगळं येतं.

बिलात सोन्याचं निव्वळ वजन आणि खड्याचं वजन वेगवेगळं लिहून घ्या. एकत्र वजनावर सोन्याचा भाव लावला तर खडाही सोन्याच्या भावानं गेला, आणि मोडायला नेली की तोच सोनार खडा वजा करतो. खड्याचं वजन कॅरटमध्ये मागा, ५ कॅरट म्हणजे १ ग्रॅम. रत्तीच्या हिशेबात घोळ होतो.

जीएसटी लागेल म्हणून पक्कं बिल नको, असं दुकानदार सुचवेल. दागिन्यावर तो ३ टक्के आहे, म्हणजे १० हजारांवर ३०० रुपये. तेवढे द्या. उद्या खडा काच निघाला तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा किंवा भंडाऱ्याच्या ग्राहक आयोगात जा, पहिला प्रश्न बिलाचाच येईल.