शाळा शेवटी नको

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे महाराष्ट्रातल्या शाळा बंद झाल्या. शहरांत आठवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ ला उघडले. धाकट्यांना आणखी थांबावं लागलं. तोवर उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या कितीतरी घरांत एकाच मोबाइलवर दोन भावंडांचे तास चालले. वडील फोन घेऊन कामावर गेले, की तास बुडाला. अभ्यास मागे पडलाच, मुलांचं बोलणंही आटलं.

पुढची साथ सांगून येणार नाही. म्हणून आत्ताच प्रत्येक शाळेत उघडणाऱ्या खिडक्या, नळाला पाणी, साबण आणि मुलांचं ऐकून घेणारा समुपदेशक हवा. गुणांआधी मुलांची विचारपूस व्हावी. बाजार आधी, शाळा शेवटी, हा क्रम पुन्हा होऊ देऊ नका.