कात्री आणि पेटी

“कात्री लावून का कुठे गाणे होते!” आमच्या आळीतले एक बुजुर्ग माझ्या भाच्यावर कडाडले. पोराचा अपराध एवढाच, की तो रात्री संगणकाला ध्वनिग्राहक जोडून पेटी घेऊन बसतो, सुचेल ते तासभर वाजवतो आणि सकाळी त्यातले तुकडे निवडून, जुळवून चार मिनिटांची धून बांधतो.

मला हा आक्षेप मुळीच मान्य नाही. मी कादंबरीची दहा पाने लिहून नऊ फाडतो. त्याला मात्र साधना म्हणायचे!

१९०२ साली कलकत्त्यात गौहरजान कर्ण्यापुढे गायिली. तबकडी जेमतेम तीन मिनिटांची. तेवढ्यात तिने राग मांडला. कात्री तेव्हाही होतीच, फक्त घड्याळाच्या हाती. १९६९ च्या ऑगस्टात न्यूयॉर्कला माइल्स डेव्हिस आणि मंडळींनी मनसोक्त वाजवले. टिओ मॅसेरोने त्या फिती कापून, जोडून ‘बिचेस ब्रू’ घडवले. भाच्याच्या यंत्रात तर मूळ वादन जसेच्या तसे शाबूत राहते, चुकलेल्या सुरांसकट.

आठवडा झाला, पोराने पेटी उघडलेली नाही. बुजुर्गांनी भाऊबीजेला यावे, धून नको तर तो सबंध तास ऐकावा. फराळाचे मी बघतो.