विश्लेषण : १:३२ की १:६४? स्लॉट कारच्या नादाला लागण्याआधी ‘स्केल’ का ठरवावे लागते?

ब्रिटनमधील हॅरोगेट येथे जानेवारी १९५७ मध्ये भरलेल्या खेळणी प्रदर्शनात ‘स्केलेक्स्ट्रिक’ पहिल्यांदा लोकांसमोर आले. ट्रॅकमधल्या खाचेतून धावणाऱ्या या विजेच्या छोट्या मोटारी आता सत्तरीला टेकल्या आहेत. या क्षेत्रातील दुसरे मोठे नाव असलेल्या ‘कॅरेरा’ने तर २०२४ मध्ये खाचच नसलेला, मोबाइल ॲपवर चालणारा ‘हायब्रिड’ संच बाजारात आणला. त्यामुळे नव्याने या छंदाकडे वळणाऱ्यांचा गोंधळ वाढला आहे. खोक्यांवर दिसणारे १:२४, १:३२, १:४३, १:६४ हे आकडे केवळ गाडीचा आकार सांगत नाहीत. घरातली किती जागा जाणार, शर्यतीला सोबती कोण मिळणार आणि दहा वर्षांनी सुटे भाग सापडणार का, हेही त्यांच्यावर बऱ्याच अंशी ठरते.

स्लॉट कार चालते कशी?

ट्रॅकच्या प्रत्येक मार्गिकेत मधोमध एक खाच असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना धातूच्या दोन पट्ट्या. गाडीच्या नाकाखाली एक छोटे पाते असते, ते खाचेत बसते. या पात्याला ‘गाइड’ म्हणतात. गाइडच्या दोन्ही बाजूंना बारीक तारांची वेणी घातलेले दोन तुकडे असतात. ते पट्ट्यांवर घासत जातात आणि गाडीतल्या मोटरला वीज पोहोचवतात. खेळाडूच्या हातात कंट्रोलर असतो. त्याचा चाप जितका दाबाल तितकी वीज जास्त, तितका वेग जास्त.

म्हणजे सुकाणू नाही, ब्रेकचे पेडल नाही, फक्त चाप. हे सोपे वाटते, पण पहिल्याच वळणावर भ्रम फिटतो. वेग जास्त झाला की गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो, गाइड खाचेतून सुटते आणि गाडी ट्रॅकबाहेर जाऊन पडते. सरळ पट्टीवर सगळेच वेगवान असतात. चाप नेमका कधी सोडायचा हे ज्याला कळते, तो जिंकतो.

हा खेळ आला कुठून?

फ्रेड फ्रान्सिस या ब्रिटिश उद्योजकाची ‘मिनीमॉडेल्स’ ही कंपनी १९५२ पासून ‘स्केलेक्स’ नावाच्या चावीच्या पत्र्याच्या मोटारी विकत होती. चावीची गाडी एकदा सोडली की हातातून गेली, तिच्यावर ताबा नाही. त्यावर उपाय म्हणून विजेवर चालणारी आवृत्ती आली आणि ‘स्केलेक्स’ व ‘इलेक्ट्रिक’ या दोन शब्दांतून नवे नाव तयार झाले. मागणी इतकी वाढली की पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, फ्रान्सिस यांनी कंपनी ‘लाइन्स ब्रदर्स’ या बड्या खेळणी समूहाला विकली.

अमेरिकेत या खेळाने वेगळेच वळण घेतले. १९६० च्या दशकाच्या मध्यात तेथे गावोगावी भाड्याने शर्यत खेळण्याची केंद्रे उघडली. तेथे लाकडी, आठ मार्गिकांचे अजस्र ट्रॅक असत. दशक संपेपर्यंत ती लाट ओसरली आणि बहुतेक केंद्रांना टाळे लागले. स्पेनमध्ये मात्र हा खेळ भाषेतही शिरला. तेथे एकावर एक चढलेल्या उड्डाणपुलांना बोलीभाषेत ‘स्केलेक्स्ट्रिक’ म्हणतात. माद्रिदच्या आतोचा भागातील याच नावाने ओळखला जाणारा पूल १९८० च्या दशकात पाडण्यात आला.

स्केलचे आकडे काय सांगतात?

१:३२ म्हणजे खऱ्या गाडीचा बत्तिसावा भाग. साडेचार मीटर लांबीची खरी मोटार या स्केलमध्ये साधारण १४ सेंटिमीटरची होते. तीच १:२४ मध्ये सुमारे १९, १:४३ मध्ये साडेदहा आणि १:६४ मध्ये ७ सेंटिमीटर.

घरगुती खेळात सर्वाधिक रुळलेले स्केल १:३२ आहे. स्केलेक्स्ट्रिकचे मुख्य संच याच मापाचे. कॅरेराचे ‘इव्होल्यूशन’ आणि ‘डिजिटल १३२’ हेही याच मापाचे. आरसे, चालकाचे शिरस्त्राण, जाहिरातींचे रंग असे बारकावे दिसावेत इतकी ही गाडी मोठी असते आणि जेवणाच्या टेबलावर निदान एक लंबगोल मांडता यावा इतकी लहान. शिवाय या मापात निरनिराळ्या कंपन्यांच्या साध्या गाड्या एकमेकांच्या ट्रॅकवर बहुतेक वेळा धावतात. फार तर गाइड बदलावे लागते, कारण कॅरेराची खाच अधिक खोल असते. इतर स्केलच्या वाट्याला ही मोकळीक क्वचितच येते.

१:६४ हे अमेरिकेचे लाडके माप. रेल्वे मॉडेलच्या जगातून आलेल्या ‘एचओ’ या नावाने ते ओळखले जाते, पण त्यात थोडी फसगत आहे. रेल्वेतील एचओ म्हणजे १:८७, तर या नावाने विकल्या जाणाऱ्या स्लॉट कार बहुतांशी १:६४ च्या आसपासच्या असतात. १९६० च्या दशकात ‘ऑरोरा’ कंपनीने हे माप अमेरिकेतील घराघरांत नेले. ऑरोरा केव्हाच संपली, पण तिचे ‘एएफएक्स’ हे नाव दुसऱ्या कंपनीच्या हाती आजही बाजारात आहे. या गाड्या इवल्याशा असल्या तरी भलत्याच चपळ असतात. त्यांच्या पोटाशी असलेले चुंबक ट्रॅकच्या पट्ट्यांना इतके घट्ट धरतात की काही गाड्या जवळजवळ पूर्ण वेगाने वळण घेतात आणि नवख्याची नजर त्यांच्यामागे धावून दमते. चुंबक १:३२ च्या गाड्यांतही असते, मात्र तेथे अनेक क्लब ते काढून टाकायला लावतात. चुंबक काढले की गाडीचा पार्श्वभाग घसरू लागतो आणि खरी कसोटी तेव्हाच सुरू होते.

१:४३ हे माप प्रामुख्याने लहान मुलांसाठी. ‘कॅरेरा गो’ संचांवर सहा वर्षांपासून पुढे असे वय लिहिलेले असते. किंमत कमी, ट्रॅक अरुंद, वर उलटे वळसे आणि उड्या. मुलाला हे आवडेल का, हे पाहायला ते उत्तम आहे. अडचण अशी की त्याचा ट्रॅक १:३२ च्या ट्रॅकला जोडता येत नाही. दोन वर्षांनी मोठ्या मापाकडे जायचे ठरले, तर सगळे पुन्हा पहिल्यापासून घ्यावे लागते.

१:२४ घरासाठी नाहीच, असे म्हटले तरी चालेल. कॅरेरा या मापाच्या गाड्याही आपल्या १:३२ च्याच रुंद ट्रॅकवर चालवते, पण तंग वळणांवर त्या अवघडून जातात. या मापाचे खरे घर म्हणजे क्लबचे मोठे लाकडी ट्रॅक. अमेरिकेतील ‘ब्ल्यू किंग’ या प्रसिद्ध रचनेच्या ट्रॅकची एक फेरी १५५ फुटांची, म्हणजे सुमारे ४७ मीटरची. स्पर्धेतील सर्वात वेगवान गाड्या ती दोन सेकंदांच्या आत पूर्ण करतात, म्हणजे ताशी सरासरी ८५ किलोमीटरहून अधिक वेगाने. त्या गाड्या अर्थातच मोटारीसारख्या दिसत नाहीत. वाऱ्याने खाली दाबली जाणारी प्लास्टिकची पातळ पाचर, एवढेच त्यांचे रूप.

मग जागेचे गणित कसे मांडायचे?

खोक्यावर छापलेल्या ट्रॅकच्या लांबीला भुलू नये. महत्त्वाची असते ती वळणाची रुंदी. १:३२ मध्ये गाडी वळून उलट दिशेने यायची, तर नेहमीच्या वळणाला ७५ ते ८० सेंटिमीटर रुंदी लागते. १:६४ मध्ये तेच काम सुमारे ५३ सेंटिमीटरमध्ये होते.

प्लायवूडची आख्खी शीट ८ बाय ४ फुटांची, म्हणजे रुंदीला १२२ सेंटिमीटर. तिच्यावर १:६४ ची दोन पूर्ण वळणे शेजारी शेजारी बसतात आणि भरपूर नागमोडी ट्रॅक तयार होतो. त्याच शीटवर १:३२ चे एकच पूर्ण वळण बसते, म्हणजे लंबगोल आणि त्यात थोडीशी मुरड. लंबगोलाचा कंटाळा आठवड्यात येतो. दोन खोल्यांच्या घरात कायमचा ट्रॅक मांडायचा असेल, तर १:६४ ला पर्याय नाही. खेळून झाल्यावर उचलून ठेवायची तयारी असेल, तर दिवाणखान्याच्या फरशीवर १:३२ मजेत मांडता येतो. फक्त फरशीवरची धूळ आणि केस गाड्यांच्या दातेरी चाकांत अडकतात, हे लक्षात ठेवावे.

जागेइतकाच सोबतीचा प्रश्न मोठा आहे. हा एकट्याने खेळायचा खेळ नव्हे. जवळपास क्लब असेल, तर तो जे स्केल खेळतो ते घ्यावे आणि वाद तिथेच मिटवावा. परदेशात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा सल्ला विशेष उपयोगी पडेल. ब्रिटनमध्ये १:३२ चे क्लब सापडणे सोपे, तर अमेरिकेत एचओचे.

ॲनालॉग की डिजिटल?

ॲनालॉगमध्ये एका मार्गिकेवर एकच गाडी. डिजिटलमध्ये प्रत्येक गाडीत चिप असते, एकाच खाचेवर अनेक गाड्या धावतात आणि बटण दाबून मार्गिका बदलता येते. स्केलेक्स्ट्रिकने ही पद्धत २००४ मध्ये आणली आणि तिच्यावर सहा गाड्या एकत्र धावू शकतात. ओव्हरटेक करता येत असल्याने रंगत खूप वाढते, यात शंका नाही.

पण येथेच ग्राहक एका कंपनीशी बांधला जातो. एका कंपनीची डिजिटल गाडी दुसऱ्या कंपनीच्या डिजिटल ट्रॅकवर चालत नाही. कंपनी अडचणीत आली, तर? या व्यवसायात ती शक्यता दूरची नाही. लाइन्स ब्रदर्स समूह १९७१ मध्ये कोसळला. कॅरेराची मूळ जर्मन कंपनी १९८० च्या दशकात दिवाळखोरीत गेली. दोन्ही वेळा नाव दुसऱ्यांनी विकत घेतले आणि जुन्या गाड्या धावत राहिल्या, कारण त्यांना लागत होती ती फक्त वीज. ॲपलच्या २०१३ च्या परिषदेत गाजावाजा करून सादर झालेल्या ‘अँकी ड्राइव्ह’ची गोष्ट वेगळी. त्या गाड्यांना खाच लागत नसे, पण फोनवरील ॲप लागे. २०१९ मध्ये कंपनी बंद पडली आणि ग्राहकांच्या गाड्यांचे भवितव्य त्या ॲपवर लटकले. खाच नसलेल्या नव्या संचांकडे पाहताना हा अनुभव विसरून चालणार नाही. पहिला संच ॲनालॉग १:३२ चा घेणे म्हणूनच अधिक शहाणपणाचे वाटते. चिप नंतर बसवता येईल अशी सोय त्या मापाच्या अनेक गाड्यांत असतेच.

भारतात हे इतके महाग का?

आयात खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के करण्यात आले. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे प्रमाणन बंधनकारक आहे आणि ते परदेशातील कारखान्यालाही घ्यावे लागते. देशी उत्पादकांना संरक्षण आणि निकृष्ट मालाला आळा हा त्यामागचा हेतू. पण ज्या वस्तूचा देशात खप मुळातच थोडा, तिच्यासाठी एवढा खटाटोप करायला आयातदार सहसा धजावत नाही.

त्यामुळे अनेक संच नातेवाइकांच्या बॅगेतून येतात. त्यात एक धोका आहे. अमेरिकेतील अडॅप्टर अनेकदा केवळ १२० व्होल्टचा असतो. तो आपल्याकडच्या २३० व्होल्टला लावला, तर पहिल्याच दिवशी जळतो. अडॅप्टरवर ‘१००-२४०’ असे छापलेले असेल, तर फक्त पिनांचा प्लग बदलला की भागते. ब्रिटन आणि युरोपातील संचांना ही अडचण नाही. येणाऱ्या पाहुण्याला संचासोबत वीज घेणाऱ्या वेण्यांच्या दोन-चार जोड्या आणि मागच्या चाकांचे जादा टायरही आणायला सांगावेत. सर्वात आधी झिजतात ते हेच दोन भाग आणि कोपऱ्यावरच्या दुकानात ते मिळत नाहीत.