‘कायदा आला की वारी बंद पडेल’: या दाव्यात चूक काय होती? तर्कदोषांची लॅटिन नावं सोप्या मराठीत

आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी यवतहून वरवंडकडे जाताना दौंड तालुक्यातल्या भांडगावातून जाते. जादूटोणाविरोधी कायद्याचा वाद पेटला होता, तेव्हा एक दावा जोरात पसरला: ‘हा कायदा आला की वारी बंद पडेल.’ कायदा २०१३ मध्ये आला. पालखी आजही याच वाटेने जाते. पायी वारीत खंड पडला तो २०२० आणि २०२१ मध्ये, कोरोनामुळे.

मग तो दावा इतक्यांना पटला कसा? अशा फसव्या युक्तिवादांना तर्कदोष म्हणतात. त्या वादातले चार दोष पाहूया.

१. अ‍ॅड मेटम, म्हणजे भीती दाखवणं
शंका विचारणं चूक नव्हतं. विधेयकाच्या मसुद्यात अनेकदा बदलही झाले. पण कायद्याच्या कलम १२ नुसार यात्रा, परिक्रमा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागूच होत नाही. कलम फार थोड्यांनी वाचलं, भीती मात्र सगळीकडे पोहोचली.

२. अ‍ॅड होमिनेम, म्हणजे मुद्दा सोडून माणसावर हल्ला
डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी या कायद्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. त्यांना ‘धर्मविरोधी’ म्हटल्याने कायद्याचं एकही कलम चुकीचं ठरत नव्हतं. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला.

३. टू क्वोक्वे, म्हणजे ‘आधी त्यांचं बघा’
‘दुसऱ्या धर्मातल्या अंधश्रद्धा दिसत नाहीत का?’ हा प्रश्न मूळ मुद्द्याला उत्तर देत नाही. शिवाय हा कायदा सर्वधर्मीयांना सारखाच लागू आहे.

४. पोस्ट हॉक, म्हणजे ‘नंतर झालं, म्हणून त्यामुळेच झालं’
साप चावला, मांत्रिकाने मंत्र टाकला, माणूस वाचला. मंत्रामुळे वाचला? आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी असतात. विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असं नाही. विष भिनलं असेल, तर त्यावर उतारा प्रतिसर्पविषाचाच आणि तो दवाखान्यात मिळतो. म्हणूनच साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणं या कायद्याने गुन्हा आहे.

एक सावधगिरी: समोरच्याचा युक्तिवाद सदोष निघाला, म्हणून त्याचं म्हणणं खोटंच ठरतं असं नाही. कमेंटमध्ये लॅटिन नाव फेकून वाद जिंकता येत नाही. ‘कायदा येतोय, अमुक बंद होणार’ असा मेसेज आला, तर पुढे पाठवण्याआधी एवढंच विचारा: कोणत्या कलमात लिहिलंय?