‘आपला माणूस’ म्हणजे लायसन्स नव्हे

जळकोटसारख्या गावातला बी.ए. इंग्रजी झालेला मुलगा आखातात शिक्षक होणार, म्हणून घरात मिठाई वाटली जाते. व्हिसा मात्र कोणी नीट वाचत नाही. त्यावर ‘व्हिजिट’ लिहिलेलं असतं. “तिकडे गेल्यावर बदलून देतो,” असं एजंट सांगतो.

मित्रांनो, व्हिजिट व्हिसावर शिकवणं बेकायदा आहे. पकडला गेला तर दंड आणि हद्दपारी त्या पोराच्या वाट्याला येते, एजंटच्या नाही.

१९८३च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याला सरकारी नोंदणी सक्तीची आहे. त्याच्या सेवाशुल्काची मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी. नोंदणी ‘ई-मायग्रेट’वर फुकट तपासता येते. तरी आपण लाख-दोन लाख देतो आणि पावतीही मागत नाही. का? तर “तो आपलाच आहे, पाच वक्ताचा नमाजी आहे.” सूरह बकराच्या २८२व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगितलंय, हे मात्र तेव्हा आठवत नाही.

आणखी एक कडू गोष्ट. दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवण्याचा व्हिसा मुख्यतः सात इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांसाठी आहे. २०१०मध्ये लागू झालेल्या करारानं भारतीयांना वाट मिळाली, पण तिथंही अध्यापनाची पात्रता लागते. हा भेदभावच आहे. म्हणून बी.एड.चे पैसे एजंटच्या खिशात घालायचे का?

नोंदणी क्रमांक, शाळेचा करार आणि नोकरीचा व्हिसा आधी पाहा, पैसे नंतर. फसलात तर तक्रार करा. फसवणाऱ्याचं नाव झाकलं, तर पुढचा पोरगा आपणच त्याच्या हवाली करतो.